बारा शब्दांचं पातेलं

फिजाने ठरवलं, की यापुढे कोणावरच विश्वास ठेवायचा नाही. निर्णय एवढासाच होता, आणि घेताना ती लेकीला, आरजूला खिचडी भरवत होती, त्यामुळे तिचंही त्याकडे पुरेसं लक्ष नव्हतं.

बोरी अरब गावातल्या आपल्या घरात बसून फिजा परदेशातल्या एका कंपनीच्या व्हिडिओंखाली येणारा मजकूर लिहायची. कंपनी पैसे द्यायची ते क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी चलनात. त्यातून गच्चीवर एक खोली बांधायची होती. टेबल, पंखा आणि आतून लागणारी कडी. (कडी सगळ्यात महत्त्वाची. दोन वर्षांच्या आरजूने आतापर्यंत एक लॅपटॉप दुधात बुडवला होता.) पैसे मोबाइलमधल्या ॲपवर पडून होते. पण ॲपच बुडालं तर? म्हणून तिने हार्डवेअर वॉलेट मागवलं. पेनड्राइव्हएवढी तिजोरी, दोन बटणांची.

तिजोरी आली आणि फिजाची झोप गेली.

"बनवणाऱ्यानंच मागचं दार ठेवलं असेल तर?" तिने नवऱ्याला, आसिमला विचारलं. आसिमचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं.

"मिक्सर घेतला तवा त तू पावतीबी पाह्यली नाई."

"मिक्सरमध्ये माझी खोली नव्हती!"

सासूबाईंचा, जैबुनबीचा आक्षेप वेगळाच होता. "किल्ली हरपली त कंपनीवाले येऊन उघडून देतेत का?"

"नाही अम्मी. त्यांनाही उघडता येत नाही. तेच तर चांगलं आहे."

"मंग कायचा कारीगर तो? आपला जहीर पाय. साऱ्या गावाचे कपाटं त्यानं बनोले. कोणाचीबी किल्ली हरपू दे, हाक मारली का येते अन् दोन मिनिटात उघडून देते!"

हे जैबुनबी कौतुकाने सांगत होत्या. फिजाने मात्र त्याच दुपारी आपले झुमके कपाटातून काढून तांदळाच्या डब्यात पुरले.

वॉलेटची खरी किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. यंत्र बिघडलं, तरी ते शब्द टाकले की पैसे परत. पण तेच शब्द दुसऱ्या कोणाच्या हाती लागले, की पैसे त्याचे. कागदावर लिहावेत, तर आरजू कागद खाते. शब्द कोरून ठेवायला कंपनी स्टीलची पट्टी विकत होती, पण तिजोरीही त्यांची आणि पट्टीही त्यांचीच, हे फिजाला पटेना. शेवटी, गिऱ्हाइकांच्या मोटरवर नंबर टाकायचं आसिमचं मशीन तिने घरी आणलं आणि माहेरून आलेल्या मोठ्या पातेल्याच्या बुडावर बारा शब्द कोरले. भांड्यावरचं नाव कोण वाचत बसतं? स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की पातेलं माळ्यावर ठेवताना तिने त्याला हळूच थोपटलं.

मग ॲपमधले सगळे पैसे वॉलेटवर गेले. काही आठवड्यांनी ते अपडेट मागू लागलं. फिजा टाळत राहिली. मागचं दार बसवायचं तर ते अपडेटमधूनच बसवतील! एके सकाळी मात्र यंत्र अडूनच बसलं. तिने श्वास रोखून बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग अक्षरं उमटली. शब्द टाका.

हरकत नाही. फिजा स्टुलावर चढली. माळ्यावर पातेल्याचा गोल ठसा होता, पातेलं नव्हतं.

"अम्मी! माझं पातेलं?"

"सत्यभामाकडं धाडलं. तिच्या दिपालीचं डोहाळजेवण हाय ना आज. तुले सांगतलं होतं. तू कानात थे बोंडं खुपसून बसली होती. चाल, मीबी येतो."

फिजाने वॉलेट पर्समध्ये टाकलं, आरजूला कडेवर घेतलं आणि सासूच्या पुढे धावत सुटली.

सत्यभामाकाकूंच्या अंगणात पातेलं चुलीवर होतं. आत वांग्याची भाजी रटरटत होती आणि बूड जाळात होतं. फिजाचा जीव भांड्यात पडला. जाळातलं कोण वाचणार?

"बरं झालं आली पोरी," काकू म्हणाल्या. "थ्या पातेल्याचा मेळच लागून नाई राह्यला. साऱ्या गल्लीचे भांडे आले, सगळ्याइवर नाव हाय. याच्यावर निरं इंग्लिश! मंग जावईबापूंनी फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. ज्याचं असन थो सांगन."

फिजाने ग्रुप उघडला. ग्रुपमध्ये गल्ली होती, गल्ली सोडून गेलेले होते आणि दुबईला गेलेला जमीरही होता. फोटो स्वच्छ आला होता. बाराही शब्द. खाली अंगठ्यांची रांग. (त्यात एक आसिमचा. स्वतःच्या घरचं पातेलं न ओळखता.)

"भाभी," मागून आवाज आला. दिपालीचा नवरा, अक्षय. पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीतला. "हे शब्द मी कुठंतरी पाहिलेत. असेच, ओळीनं. आठवतच नाही."

"नका आठवू!" फिजा ओरडली. "म्हणजे... घरात कार्यक्रम आहे."

तेवढ्यात जैबुनबी धापा टाकत पोचल्या. "हे त आमचंच हाय! फिजाच्या माहेरचं. सांग व फिजा!"

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. अक्षयनेही. 'माझं' म्हणावं, तर या शब्दांची तिजोरी कोणाची, ते त्याला आयतं कळणार.

"नाही अम्मी," फिजा म्हणाली. "आपलं नाही हे."

जैबुनबींचं तोंड उघडं राहिलं. शेजारची रुपीबाई मात्र तत्पर होती. "मंग माह्यंच असन. माह्यं असंच एक हरपलं होतं."

फिजा आरजूला घेऊन काकूंच्या कोठीत शिरली आणि दाराला कांद्याचं पोतं लावलं. कोणाच्या लक्षात यायच्या आत पैसे दुसरीकडे हलवायचे होते. पोरीच्या हातात पापड दिला आणि मोबाइलवरचा फोटो पाहत ती वॉलेटमध्ये शब्द भरू लागली. दोनच बटणं. एक अक्षर पुढे, एक अक्षर मागे. आरजूचा पापड बटणावर आदळला, की पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर अक्षय येरझारा घालत होता. "ऑफिसात नाही पाहिले... बातमीत? नाही..."

फिजाच्या कपाळावरचा घाम थेट पडद्यावर पडला. सातवा शब्द. आठवा.

"भाभी, आठवत आलंय!"

बारावा. तिजोरी उघडली. पैसे होते! आता ते हलवायचे कुठे? जगात तिचं दुसरं खातं एकच. ज्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून हा सगळा खटाटोप केला, तेच मोबाइलचं ॲप. तिने डोळे मिटून पाठवले. मोबाइलवरचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला. मग ॲपने कळवलं, जमा झाले.

पोतं सरकवून ती बाहेर आली, तर दारातच अक्षय उभा.

"आठवलं! आमच्या भाचीचं स्पेलिंगचं पुस्तक! त्यात असेच शब्द असतात."

फिजाला त्याला मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. (दोन्ही केलं नाही. डोहाळजेवण होतं.)

पंगती उठल्या. घासलेली भांडी ओट्यावर आली. आता घाबरायचं कारण नव्हतं. फिजा पुढे झाली. "काकू, ते इंग्रजीवालं पातेलं माझं आहे."

"आत्ता त नाई म्हने!" रुपीबाईने पातेलं छातीशी धरलं.

"तेव्हा नव्हतं... म्हणजे, होतंच. थांबा, न बघता सांगते त्यावर काय आहे ते." आणि इतके दिवस जे स्वप्नातही ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते फिजाने भर अंगणात घडाघडा म्हणून दाखवलं. बाराच्या बारा, ओळीने.



"ग्रुपवरून पाठ करून आली व!" रुपीबाई म्हणाली आणि पातेलं डोक्यावर घेऊन चालू लागली.

घराकडे जाताना जैबुनबी झपाझप पुढे चालत होत्या. कोपऱ्यावर आल्यावर थांबल्या.

"काहून व फिजा, थे तुह्ये खोलीचे पैशे कोणाजवळ हायेत?"

"माझ्याजवळच आहेत अम्मी. एकदम सुरक्षित."

"मंग आजच आसिमजवळ देऊन टाक," जैबुनबी म्हणाल्या. "कोणी समोर येऊन इचारलं, त तू म्हनशीन आपले नाई."