नानांचे साहेब

नाना मोबाईलवर गावाकडचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात आणि वाचता वाचता त्यातला पक्ष बदलतात. आमचे साहेब, म्हणजे आमदार, नऊ वर्षांपूर्वी जुना पक्ष सोडून दुसरीकडं गेले हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मदुराईतल्या नानांच्या दुकानात मात्र ते अजून जुन्याच पक्षात आहेत.

दुकान गलाईचं. म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं. विट्याकडची आमची कितीतरी माणसं याच कामापायी देशभर पांगलीत. आठवीत शाळा सोडून मी इथं आलो तेव्हा नानांनी मला पोटाशी धरलं, काम शिकवलं. आज गावाकडं माझ्या घरात चूल पेटते ती त्यांच्यामुळं. म्हणून साहेबांच्या बाबतीत मी कधी तोंड उघडत नाही. उगाच कुठं चुकलो तर?

बरं, नाना साहेबांना फुकट मोठं करतात असंही नाही. मागच्या निवडणुकीत खरे साहेब मंत्री झाले, नानांचे पडले. "पडलं रं! लय वंगाळ पडलं," म्हणत नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. "पन पक्षात ऱ्हायलं!" पुढं वर्षभर त्यांनी वाचता वाचता साहेबांना पाण्यासाठी गावोगाव हिंडवलं, त्यात त्यांचा गुडघा दुखवला. आमचा नेहमीचा तमिळ सोनार अजून हिंदीत विचारतो, "साहेबांचा गुडघा कसाय?"

साहेब पक्ष सोडून गेले तेव्हा नानांचे धाकटे भाऊ बापू त्यांच्यामागं गेले. नाना जत्रेला गावी होते. भर पारावर दोघांची जुंपली, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या आठवड्यात नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचायची पाळी माझ्यावर आली. पहिलीच बातमी बघून मी अडखळलो. साहेब जुन्या पक्षात परत! आता 'परत आले' म्हणावं, तर गेले होते हे आलंच.

"थांबलास का रं?"

"नाना, साहेब जुन्याच पक्षात हायत."

"मग त्यात बातमी काय?"

"आवं, परत आल्यात."

मला वाटलं, झालं, आता गावाची गाडी धरायला सांगणार.

"बापूला कळलं आसंल?"

"कळलं आसंल की. गावातच हायत."

"मग आता भांडायला ऱ्हायलं काय?" नाना ताठ बसले. "भट्टी बंद कर. त्या घरघरीत फोन ऐकू यायचा न्हाई."

भर कामाच्या दिवशी भट्टी बंद! फोन दोनदा वाजला. एकदा ॲसिडवाला, एकदा कसल्याशा कंपनीची बाई. तिला नाना "बापू?" म्हणाले.

चार वाजता त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. "तूच लाव. म्हण, नाना कामात हायत, सहज लावला."

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला.

"बापू, नाना भट्टीवर हायत," मी चाचरत म्हणालो. "कामात हायत."

"व्हय का? मी बी रानात हाय म्हनावं. उसाला पानी लावलंय."

रानात साहेबांचं भाषण चाललेलं मला स्वच्छ ऐकू येत होतं. टाळ्यासुद्धा.

मी नानांना म्हणालो, "बापू रानात हायत."

"आसू दे, आसू दे. पानी अर्ध्यावर सोडू नगं म्हनावं."

फोन कुणीच ठेवेना. मग तिकडचा टीव्ही बंद झाला. मी फोन नानांच्या कानाला लावला.