दार वाजवलं का?

कुठलाही आकडा घेऊन जा, आमचे पगारे काका आधी एकच विचारतात, "दार वाजवलं का?"

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांचं टेबल माझ्या शेजारी. काका मूळचे चांदवडचे. सगळी नोकरी मीटरचं रीडिंग घेत नाशिकभर सायकलवर हिंडण्यात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांना टेबलावर बसवलं. सवय काही गेली नाही. एकदा मी माझा शुगरचा रिपोर्ट दाखवला, तर त्यावरही "दार वाजवलं का?"

"काका, हे रक्त आहे."

"असूं द्या की. आदल्या दिवशी काय खाल्लं, इचारलं का तुम्हाला कुणी?"

आदल्या दिवशी मावसबहिणीचं लग्न होतं. मी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये टाकला.

गेल्या वर्षी ऑफिसात मोठा स्क्रीन लागला. कुठल्या घराचा वापर किती, सगळं रंगीत दिसायला लागलं. शून्य वापराची घरं लाल. साहेब आधी दक्षता पथकात होते, त्यांना लाल घरांत चोर दिसले. खैरनार इंजिनियरना बिघडलेले मीटर दिसले. मी भाड्याच्या खोलीत राहते, मला नुसती रिकामी घरं दिसली आणि जीव जळला. काका तेवढे म्हणाले, "पोरं बाहेरगावी असतील. येतील की."

साहेबांनी हुकूम काढला, तीन महिने शून्य आलं की नळ तोडायचा. काकांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

मग साहेबांची नजर पाथर्डी फाट्याकडच्या एका रो-हाऊसवर गेली. दर महिन्याला बरोबर एक युनिट. "राहत्या घरात एवढंच पाणी? मीटर चुकवून चोरटी लाइन घेतलीय. तोडा!" काका तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले होते.

"साहेब, दार वाजवलं का?" माझ्या तोंडून निघून गेलं. साहेबांनी मलाच पाठवलं.

रविवारी सकाळी जाऊन मी दार वाजवलं. उघडलं ते पगारे काकांनी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाइप, मागे पेरूच्या झाडाखाली पाणीच पाणी.

"सुजाताचं घर हाय," ते खाली बघत म्हणाले. "माझी पोरगी. जर्मनीत असती. दोन वर्षांत येते म्हणाली होती. पाच झाली." त्यांनी नळ बंद केला. "शून्य आलं की 'बंद घर' लिहितात, ताई. मीच लय लिहिलीत. हिच्या दारावर ते नाय बघवायचं मला."

एवढं पाणी वाया घालवल्याचा राग यायला हवा होता. आला नाही. फॉर्मवर मी लिहिलं, 'दार वाजवलं. वडील असतात.'

"थांबा, चहा टाकतो," काका एकदम हुशारले. "तेवढाच वापर दिसंल."

चहानं मीटरचा काटा हलत नाही, हे त्यांच्याइतकं नाशकात कुणाला ठाऊक असणार? मी तीन कप प्यायले. साखर घालून.