पाऊण फ्रिज

एदगार्दोने ठरवलं होतं ते एवढंच, की सासऱ्यांची गोष्ट थोडी आखूड करायची. (यात वाईट काय होतं? माणूस पॅन्टसुद्धा आखूड करून घेतोच की.)

दर रविवारी दुपारी चिलीतल्या वाल्पराइसो बंदराच्या टेकडीवरच्या त्या पत्र्याच्या घरात कासुएलाचे, म्हणजे मांस-मक्याच्या रश्श्याचे, वाडगे टेबलावर यायचे, आणि सासरे रोसामेल खाकरायचे. ते खाकरले की सगळ्यांनी ओळखायचं, सत्त्याऐंशी साल आलं. त्या वर्षी सरकारने वीज कंपनी विकायला काढली. रोसामेल तिथे वायरमन होते. नोकरीअखेर मिळायच्या रकमेतून उचल घ्या आणि कंपनीचे शेअर घ्या, असं कामगारांना सांगितलं गेलं. इकडे सासूबाई उबेर्लिंदांनी बाजारात जाऊन एक पांढराशुभ्र फ्रिज पसंत करून ठेवला होता.

"पण मी शेअर घेतले! फ्रिजच्या किमतीत पाचशे शेअर! सान पेद्रोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, एकेक शहाण्णव पेसोला!"

'शहाण्णव' म्हणताना चमचा टेबलावर आपटायचा. मग उबेर्लिंदा म्हणायच्या, "आणि मला अजून फ्रिज नाही." (फ्रिज होता. कुणाकडून तरी जुना घेतलेला, दार सुतळीने बांधलेला, आणि चालू झाला की बंदरात जहाज आल्यासारखा भोंगा मारणारा. पण तो उबेर्लिंदा मोजत नसत.) एवढं होईपर्यंत कासुएलातलं मक्याचं कणीस गार व्हायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, एदगार्दोने सासुरवाडीला गरम कणीस खाल्लं नव्हतं.

एदगार्दो विमा कंपनीत कारकून. त्याचा देवावर विश्वास होता, पण आकड्यांच्या तक्त्यावर जास्त. माणूस विसरतो, चढवून सांगतो. तक्ता कशाला चढवून सांगेल? एका शनिवारी त्याला सहज कळलं, की वीज कंपनीच्या वेबसाइटवर 'जुने भाव' असं एक पान आहे. तारीख टाकायची, त्या दिवशीचा बंद भाव समोर येतो. त्याने सान पेद्रोच्या सणाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली.

चोवीस.

त्याने चष्मा पुसला. पुन्हा टाकली. चोवीस पेसो!

खरं म्हणजे इथेच त्याने कॉम्प्युटर बंद करून मांजराला दूध घालायला हवं होतं. पण तक्त्यात सापडलेली चूक पोटात ठेवायची, ही ताकद कारकुनाच्या पोटात नसते. रविवारी सासऱ्यांचा चमचा वर गेला, आणि तो खाली यायच्या आत एदगार्दो म्हणाला, "चोवीस, सासरेबुवा."

चमचा हवेतच राहिला.

"काय चोवीस?"

"भाव. त्या दिवशी भाव चोवीस होता. कंपनीच स्वतः सांगते." आणि त्याने फोनवरचं पान फिरवून सगळ्यांना दाखवलं. त्याची बायको यास्ना टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारत होती. त्याला ते टेबलाच्या पायाचं काम वाटलं.

"कंपनीला काय कळतं!" रोसामेल गरजले. "कंपनी पावसात रांगेत उभी होती का?"

पण उबेर्लिंदांनी तोवर हातातली पळी खाली ठेवली होती. आयुष्यभर बाजार केलेली बाई, तिला हिशेबाला कागद लागत नाही.

"थांब, म्हाताऱ्या. शहाण्णवाच्या जागी चोवीस, म्हणजे चौथा हिस्सा. म्हणजे तुझे पाचशे शेअर पाव फ्रिजात आले. तू उचल तर अख्ख्या फ्रिजची घेतली होतीस."

"हो, मग?"

"मग माझा पाऊण फ्रिज कुठे गेला?"

 जुन्या फ्रिजने भोंगा मारला.

"पलीकडच्या टेकडीवर ती शिंपीण राहायची," उबेर्लिंदा सावकाश म्हणाल्या. "त्याच वर्षी तिने नवं मशीन घेतलं होतं. मला तेव्हाच नवल वाटलं होतं."

"अगं म्हातारे, काहीतरीच काय! मी तिच्या घरचा खांब दुरुस्त केला, बस्स!"

"पाऊण फ्रिजचा खांब?"

करायला गेला काय आणि झालं काय! आता सासरे टेबल उलथवतील, आपल्याला टेकडीवरून खाली ढकलतील, असं एदगार्दोला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. रोसामेल फोनवरच्या त्या आकड्याकडे बघत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "तिथे लिहिलंय तर चोवीसच असेल. मलाच चुकीचं आठवत असेल."

त्या रविवारी एदगार्दोने गरम कणीस खाल्लं. दोन घास खाऊन त्याने ते वाडग्यात परत ठेवलं.

पुढच्या रविवारी रोसामेल खाकरले, आणि सगळ्यांनी वर बघितलं, पण ते नुसतेच खाकरले होते. त्यांनी पाव मागितला. थोड्या वेळाने परत मागितला, आणि आधी मागितल्याचं लक्षात आल्यावर चेहरा असा केला, की एदगार्दोला बघवेना. शिंपिणीचं प्रकरणही थंड पडलं होतं. उबेर्लिंदांनी नवऱ्याला टोमणा मारायचं सोडलं होतं, आणि त्या घरात याहून वाईट लक्षण दुसरं नव्हतं.

घरी परतताना यास्ना म्हणाली, "पापांनी डॉक्टरांची वेळ घेतलीय. डोक्याची तपासणी करायची म्हणतात."

"एका आकड्यासाठी?"

"तुला काका आठवतात ना? त्यांचे मोठे भाऊ?" यास्ना थांबली. "शेवटी ते पापांना ओळखत नव्हते. 'हा वायरमन कोण घरात आलाय' असं विचारायचे. त्यांचीही सुरुवात आकड्यांपासूनच झाली होती. पापा दर रविवारी ती गोष्ट आपल्याला सांगतात असं तुला वाटतं? ते स्वतःला सांगतात. शहाण्णव आठवलं, की आठवडाभर निश्चिंत."

चौदा वर्षं तो ज्याला बढाई समजत होता, ती म्हाताऱ्याची रोज उठून नाडी बघावी तशी तपासणी होती, आणि त्याने ऐन जेवणात, सगळ्यांसमोर, नाडी बंद आहे असं सांगून टाकलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

घरी येऊन त्याने पुन्हा ते पान उघडलं. या वेळी तो सासऱ्यांच्या बाजूने शोधत होता. कदाचित सण पुढेमागे असेल, कदाचित वर्ष चुकलं असेल. त्याने आदला दिवस टाकला, पुढचा टाकला, अख्खा महिना धुंडाळला. भाव चोविसाच्या आसपासच घुटमळत होता, शहाण्णव कुठेच नव्हतं. शेवटी हताश होऊन त्याने बोटाने पान वर ढकललं, आणि ते जिथे संपतं तिथपर्यंत तो पहिल्यांदाच पोचला. तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: 'दाखवलेले सर्व जुने भाव नंतरच्या शेअर-विभाजनानुसार कमी करून दिले आहेत.'

(चौदा वर्षं हा माणूस विम्याच्या गिऱ्हाइकांना सांगत होता, "खालची बारीक अक्षरं वाचा हं, साहेब.")

पुढच्या रविवारपर्यंत त्याला धीर निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर तो बेकरीतून ताजा मार्राकेता पाव घेऊन टेकडी चढला. सासरे चहा घेत होते.

"सासरेबुवा, हा पाव किती?"

"एक," रोसामेल म्हणाले आणि घाबरून बायकोकडे बघितलं. त्यांना वाटलं, डॉक्टरांची तपासणी इथूनच सुरू झाली.

मार्राकेता भाजतानाच चार भागांचा असतो, नुसता अंगठा दाबला की मोडतो. एदगार्दोने तो मोडून चार तुकडे बशीत ठेवले. "तुम्ही घेतलात तेव्हा शेअर म्हणजे अख्खा पाव होता. पुढे कंपनीने एकाचे चार केले. पाव तेवढाच, तुकडे चार. आता कंपनी जुना भाव सांगते तो आजच्या तुकड्याचा. चोवीस हा तुकड्याचा भाव, सासरेबुवा. तुम्ही पाव घेतला होता."

रोसामेल बशीकडे बघत होते. "म्हणजे अख्ख्याचा?"

"शहाण्णव."

"पुन्हा सांगा."

"शहाण्णव. दिवस मंगळवार. मी तेही बघितलं."

"मंगळवारच होता," म्हातारा म्हणाला. "माझे बूट भिजले होते." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "मला वाटलं, मी थोरल्या भावासारखा चाललो. पोरगी येईल आणि मी विचारीन, ही कोण बाई."

"चूक माझी होती. मी खालची ओळ वाचली नाही. मला माफ करा."

रोसामेलनी एक तुकडा उचलला, लोणी लावलं आणि जावयाच्या हातात दिला. पुढचं बोलायचं काम उबेर्लिंदांनी केलं.

"एकाचे चार? मग पाचशेचे दोन हजार झाले की! आणि हा मला इतकी वर्षं पाचशेच सांगतोय?"

"मला काय ठाऊक! मी कंपनीला सांगितलं होतं, डिव्हिडंड बँकेत टाका आणि कागद पाठवू नका. अंड्यावर बसलेली कोंबडी उठवून बघतं का कुणी?"

"आता उठव," उबेर्लिंदा म्हणाल्या. "मला फ्रिज हवा."

चार शेअर विकून फ्रिज येत नव्हता, पण थोडे जास्त विकून येत होता. फ्रिज निवडायचं काम अर्थातच एदगार्दोकडे आलं. त्याने दुकानाच्या वेबसाइटवर मापांचा तक्ता बघितला, सासऱ्यांच्या दाराची रुंदी टेपने घेतली, दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि समाधानाने मान हलवली.

टेकडीवर चढणारी दोराची गाडी नेहमीप्रमाणे बंद होती. टेम्पोवाल्याने फ्रिज जिन्याच्या पायथ्याशी ठेवला, "शुभेच्छा" म्हणाला आणि गेला. एदगार्दोने खालची बाजू उचलली, यास्नाने वरची. रोसामेल पुढे चालत होते, रिकाम्या हातांनी, आणि प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांना थांबवून सत्त्याऐंशी सालापासून सुरुवात करत होते.

"आणि भाव किती होता? माझ्या जावयाला विचारा, तो तक्त्यातला माणूस आहे! सांगा जावईबापू!"

"शहाण्णव," फ्रिजखालून आवाज यायचा.

गोष्ट आता दुप्पट लांब झाली होती, कारण तिच्यात एदगार्दोचंही एक प्रकरण आलं होतं.

शेवटी दार आलं. त्यांनी फ्रिज आडवा केला, ढकलला, तो सरसर आत गेला आणि खट्‌कन थांबला. ना पुढे, ना मागे. यास्ना आत अडकली, एदगार्दो बाहेर गल्लीत राहिला. आतून कासुएलाचा वास येत होता.

"जावईबापू," रोसामेल त्याच्या कानाशी येऊन अगदी प्रेमाने म्हणाले, "त्या मापांच्या तक्त्याखाली काही बारीक अक्षरं होती का हो?"

एदगार्दोने घाम पुसून फोन काढला आणि पान तळापर्यंत नेलं. होती. 'रुंदी फ्रिजच्या दाराची मूठ न धरता दिली आहे.'

आतून उबेर्लिंदांनी दारात अडकलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र फ्रिजवरून हात फिरवला.

"असू दे रे बाळा," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी माझा पाऊण फ्रिज घरी आला. उरलेला पाव तू धरून ठेव, आम्ही जेवून घेतो."