गोजराबाईसाहेबांनी खुनाचे पुस्तक ऐकिले ती हकीकत

श्रीशारदेस वंदन, आणि ऐकणारांचे कान शाबूत असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एके राज्यी, ज्याचे नांव येथे लिहीत नाही, थोरल्या गोजराबाईसाहेब यांचे डोळ्यांतील मोतीबिंदू काढविला आणि वैद्यांनी वाचन बंद फर्माविले. बाईसाहेबांस पुस्तकावांचून करमत नसे, सबब मर्जी फार बिघडली. मग धाकट्या जाऊ सगुणाबाई यांनी मोबाईल उशाशी ठेविला आणि म्हणाल्या, "जाऊबाई, हे बोलते पुस्तक ऐकावे. खुनाचे आहे. वाचणारा आपला रंगराव."

रंगराव हे बाईसाहेबांचे एकुलते चिरंजीव. दरबारची वकिली टाकून त्यांनी पुस्तके वाचून दाखविण्याचे काम पत्करिले, तेव्हां मातोश्री बोलल्या, "आवाज विकून पोट भरणार काय?" आणि रंगराव निघाले ते पुन्हा उंबऱ्यास आले नाहीत. तरी आतां बाईसाहेब म्हणाल्या, "लाव."

पुस्तकांत थंड हवेचे गांवी विहिरीत एका इसमाचे प्रेत सांपडले आणि कांठावर एक ओली चप्पल राहिली. मग पेन्शनीतले मास्तर, केक करणारी बाई आणि दातांचे डॉक्टर ऐसे तिघे हौशी शोधास निघाले आणि शोध टाकून केक खात बैसले. मग चहा जाहला, आणि मग डॉक्टरांची सहल जाहली, आणि चपलेकडे कोणी ढुंकून पाहीना. बाईसाहेब पलंगावरून बोलल्या, "अरे, चप्पल कोणाची ते विचारा." कोणी विचारिले नाही. सगुणाबाई म्हणाल्या, "बंद करूं?" "नको. त्याचा घसा बरा वाटत नाही, पुढे ऐकूं."

ऐसे सोसून शेवट आला, तो प्रेताचा चुलतभाऊ, ज्याचे आजवर नांवही नव्हते, परदेशातून उतरला आणि कोणी न पुसतां खून कबूल करून मोकळा जाहला. तिघांनी एकमेकांची पाठ थोपटिली आणि पुस्तक संपले. बाईसाहेबांचा संताप अनावर जाहला. तशाच मोबाईल उचलून त्यांनी चिरंजीवांस फोन लाविला, आणि खुशाली न पुसतां सवाल केला, "चप्पल कोणाची?"

रंगराव म्हणाले, "आईसाहेब, मलाही कळले नाही. लेखकांस विचारिले, ते म्हणाले, राहून गेले."

"राहून गेले म्हणजे काय? इतके केक बरे राहून गेले नाहीत."

"मी वाचणारा. जे लिहिले ते वाचिले."

"तो मास्तर खोकतो, ते तूंच ना?"

"होय."

"मला वाटले, खराच आजारी आहेस." आणि बाईसाहेबांचा आवाज फिरला. "त्यावेळी मी बोलले ते वाईट बोलले. उद्यां जेवायास ये."

रंगराव दुसरे दिवशी आले, पायां पडले, आणि पानावर बसून मायलेकांनी खुनी कोण असावयास हवा होता याची मसलत केली. बाईसाहेबांचे मत केकवालीवर, रंगरावांचे डॉक्टरांवर, आणि भात निवाला तरी निकाल लागेना.

सारांश, बाईसाहेबांची दृष्टि सुधारली, चिरंजीवांचे येणेजाणे सुरू जाहले, आणि पुस्तक वाईट ते वाईटच राहिले. जैसे घडले तैसे लिहिले असे.