स्टँड फुल्ल

बशीरचाचा आमच्या टीव्हीला शिव्या देतात. टीव्ही माझा, सोफा माझा, चहा माझा आणि शिव्या त्यांच्या! दर रविवारी दुपारी तीनला शेजारच्या घरातून येतात, चप्पल काढतात आणि टेकायच्या आधीच विचारतात, "आज काय भंगार लावलंय, मास्तर?"

लेकीनं घरबसल्या सिनेमे बघायची वर्गणी भरून दिली, तेव्हापासून हे दुखणं माझ्या मागं लागलंय. नवा असो की जुना, सिनेमा संपला की चाचा परीक्षण सांगणार आणि मी ते श्रीगोंद्यातल्या आमच्या गल्लीच्या मोबाईल ग्रुपवर टाकणार. जन्मभर पोरांचे निबंध तपासले, आता म्हातारपणी कारकुनी करतोय!

चाचांचं माप सायकलीचं. इथल्या टॉकीजबाहेर त्यांचा सायकल स्टँड होता. "लिवा. ह्यो हीरो हाय का खांब? वीस सायकली." "हानामारी लई, गोष्ट न्हाई. बारा सायकली, त्यातली एक पंक्चर." एका गाजलेल्या सिनेमावर तर त्यांनी "माझी सायकल द्या, मी चाललो" एवढंच लिहायला लावलं. 'स्टँड फुल्ल' हा त्यांचा सगळ्यात वरचा शेरा. तो आजवर कुणालाच मिळाला नव्हता.

आणि एवढा तोरा मिरवणाऱ्या या माणसानं टॉकीजमधला एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही! खेळ सुटला की गर्दी सायकलींवर तुटून पडायची, मग स्टँड सोडणार कसा? आत बसायच्या त्या हमीदाचाची, बायकांच्या बाकावर. घरी चालत जाताना त्या चाचांना सगळी गोष्ट सांगायच्या. चाची जाऊन आता दोन वर्षं झाली.

गेल्या रविवारी त्या काळातलाच एक सिनेमा झाडूनपुसून टीव्हीवर आला. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले. अडीच तासांत एक शिवी नाही. मला वाटलं, तब्येत बिघडली की काय! शेवटी मुलगा शहरातून धावत येतो आणि तो दारात पोचायच्या आत आई प्राण सोडते. तसे चाचा ताडकन उठले.

"चोर हायत साले! शेवट बदलला!"

"चाचा, खाली बसा."

"बसा काय बसा! आई वाचती! पोरगं येतं, ती भाकरी वाढती, त्यो जेवतो, मग सिनेमा संपतो. कंपनीला तक्रार लिवा, मास्तर. आत्ताच्या आत्ता!"

"शेवट असाच आहे हो."

"तुमाला काय कळतंय?"

आता माझंही डोकं फिरलं. "मी तीनदा पाहिलाय हा सिनेमा! तुमच्याच स्टँडला सायकल लावून! तिन्ही वेळा म्हातारी मेली! चाचींनी तुम्हाला खोटं सांगितलं!"

बोललो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चाचा हळूच खाली बसले. टीव्हीवर नावं सरकत होती, तिकडं बघत राहिले.

"ह्यो सिनेमा लागला हुता तवाच माझी आई गेली," ते म्हणाले. "कर्जतला. लई आजारी हाय म्हनून निरोप आला तवा खेळ चालू हुता. लोकांच्या सायकली कुनाच्या भरवशावर टाकू? खेळ सुटल्यावर निघालो. पोचलो तर मानसं माती दिऊन परतत हुती."

माझा चहा पार निवला होता.

"आठ दिसांनी आलो, तर ह्योच सिनेमा चालू. हमीदाला इचारलं, शेवटी काय हुतं गं? ती लई येळ बोललीच न्हाई. मला वाटलं, दमली असंल. मग म्हनली, पोरगं येळेवर पोचतं."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसले, "बघत काय बसलाय? लिवा! आई वाचती. स्टँड फुल्ल."

मी लिहिलं. एक अक्षर बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या देशपांडेबाई मोबाईल नाचवत दारात. "सर, ग्रुपवर काय वाट्टेल ते लिहिता? ती आई मरते की शेवटी!"

"नीट बघा परत!" मी ओरडलो आणि दार लावून घेतलं.