छापखान्याचा मूळ वास

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या छापखान्याच्या इमारतीत उपाहारगृह उघडण्याचा अर्ज एका आचाऱ्याने रीतसर भरला. एवढाच त्याचा गुन्हा. बावीस वर्षं त्याने एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भोंगा वाजला की पाचशे माणसांना वाढलं होतं, आणि त्यातल्या एकालाही चव घ्यायला फुरसत नव्हती. आता माणसं निवांत बसून जेवताना बघायची, एवढीच त्याची इच्छा. नोकरी सोडून तो आणि त्याची धाकटी बहीण महिनाभर त्या इमारतीतली जळमटं काढत होते. आम्ही गल्लीकर जाता-येता त्यांना शाबासकी देत होतो. शाबासकीत आम्ही कधीच हात आखडता घेतलेला नाही.

घोळ झाला तो रकाना क्रमांक चौदापाशी. ‘वास्तूचे जतनयोग्य वैशिष्ट्य.’ रकाना रिकामा सोडल्यास अर्ज बाद. इमारतीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि खोटं लिहायची सवय नव्हती, म्हणून आचाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं: ‘आत शिरलं की शाईचा आणि जुन्या कागदाचा छान वास येतो.’

आठवड्याभरात वारसा जतन कार्यालयाचे निरीक्षक आले. दारात उभं राहून त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि वही काढली.

“वास आहे,” ते म्हणाले.

“आहे ना साहेब!” आचारी खूश झाला.

“मग तो जपावा लागेल. तुम्हीच नोंदवलाय. आत कांदा परतायचा नाही.”

आचाऱ्याने कांदा सोडला. दुसऱ्या भेटीत लसूण गेली, तिसऱ्या भेटीत तळण. चौथ्या भेटीत सुपाच्या वाफेपासून वारशाला धोका असल्याचं निरीक्षकांच्या निदर्शनास आलं आणि गरम अन्न सरसकट नियमबाह्य ठरलं. पाचव्या भेटीत बहिणीने काकडीचे काप मांडून ठेवले. निरीक्षकांनी वाकून ताटली हुंगली.

“काकडीलाही वास असतो, ताई.”

“अहो, मग लोकांनी खायचं काय?”

“खाण्याबद्दल कार्यालयाचा काहीच आक्षेप नाही. परवाना उपाहारगृहाचाच आहे.”

“आणि माणसांच्या अंगालाही वास येतो, त्याचं काय करायचं?” बहीण कडाडली.

“चांगला मुद्दा आहे,” असं म्हणून निरीक्षकांनी तोही लिहून घेतला. तेव्हापासून गिऱ्हाइकांना दारातच हातपाय धुणं सक्तीचं झालं.

ठरल्या दिवशी उपाहारगृह उघडलं. टेबलं होती, लखलखीत ताटल्या होत्या, चमचेही होते. वाढायला काही नव्हतं. आम्ही झाडून सगळे गेलो. रिकाम्या ताटल्यांपुढे बसून श्वास घेतले, फोटो काढले, “वातावरण काय मस्त आहे!” असं एकमेकांना सांगितलं आणि पलीकडच्या गल्लीत जेवायला गेलो. पुढे आठवडाभर आचाऱ्याकडे बसायला जागा मिळेना. आचारी स्वयंपाकघराच्या दारात पांढरा एप्रन घालून उभा असायचा. त्या एप्रनवर एक डाग नव्हता. मला ते बघवेना, म्हणून मी खिडकीकडचं टेबल मागून घेतलं.

मग फाटकावर नोटीस लागली. वास्तूचा वाढता लौकिक विचारात घेऊन स्वयंपाकघर कायमचे बंद करण्यात येत आहे. आचाऱ्याची ‘वासरक्षक’ या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. न कळवल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.

आचारी घरोघर फिरला. माझ्याकडेही आला.

“काका, एक ओळ लिहा हो. मला दुसरं काही येत नाही. चार माणसांना जेवू घालता येतं, तेवढंच.”

माझे डोळे भरून आले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सगळी यंत्रणाच कशी किडली आहे यावर अर्धा तास तळमळून बोललो आणि रविवारी नक्की लिहितो म्हणालो. गल्लीत सगळ्यांनी त्याला रविवारच दिला होता.

आज एकोणतिसावा दिवस. हरकत एकही आलेली नाही. मीसुद्धा पत्राऐवजी ही गोष्ट लिहिली. गोष्टीत मन मोकळं होतं आणि खाली सही, पत्ता द्यावा लागत नाही. वाचताना तुम्हाला आचाऱ्याचं वाईट वाटलं असेल, निरीक्षकांचा रागही आला असेल. कार्यालय उद्या पाचपर्यंत उघडं आहे. पण तुम्ही मुद्दाम उठू नका. तुम्ही इथे बसून नुसते हळहळलात, तरी ती हळहळ तिथे संमती म्हणून जमा होते.