पासपोर्ट कधी संपतोय?

सबनीसकाका माणसाला नावानं ओळखत नाहीत, पासपोर्ट संपायच्या तारखेनं ओळखतात. इथे अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांच्या तारखा त्यांना तोंडपाठ आहेत. माझ्या लग्नाच्या वाढदिवशी सकाळीच त्यांचा फोन आला, तेव्हा मी भाबडेपणानं "थँक्यू काका" म्हणाले. ते म्हणाले, "ते असू दे. तुझ्या पासपोर्टला नऊच महिने राहिले. फोटो काढलास?"

काका आमच्या समोरच्या घरात राहतात. पुण्याहून येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली. आता रिटायर झालेत, म्हणजे पूर्वी मध्ये मध्ये नोकरी कडमडायची, तेवढी अडचण दूर झाली. कुणी व्हिसाचा किंवा ग्रीन कार्डचा फॉर्म भरतंय असा वास लागायचा अवकाश, की काका हिरवं पेन घेऊन दारात हजर. "मिडल नेम सगळीकडे सेम आहे ना?" ही त्यांची बेल. एका बारशाला आले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "बर्थ सर्टिफिकेट आलं का?" बाळाकडे त्यांनी बघितलं की नाही, मला शंकाच आहे. मी तर हल्ली त्यांचा नंबर म्यूट करून ठेवलाय.

मागच्या रविवारी दुपारी त्यांनी मला बेसमेंटमध्ये सिनेमा बघायला बोलावलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता, पण समोर राहणाऱ्यांना ती सबब चालत नाही. सिनेमा कोरियन. अनाथाश्रमातली एक छोटी मुलगी. अमेरिकेतलं एक जोडपं तिला दत्तक घेणार असतं, म्हणून ती रोज सकाळी बूट घालून फाटकाशी बसते. काकांच्या बायकोनं, नीलाकाकूंनी, दहाव्या मिनिटाला टिश्यूचा डबा मांडीवर घेतला. काकांनी रिमोट घेतला.

"पॉज! हा अर्ज बघ. सही आहे, तारीख नाही. रिजेक्ट होणार."

मुलगी हमसून हमसून रडायला लागली.

"पॉज! फोटो बघ. कान कुठायत? रिजेक्ट!"

तिची एकुलती एक मैत्रीण गाडीत बसून कायमची निघून गेली. काकांनी तो प्रसंग दोनदा मागे नेला, कारण ड्रायव्हरच्या हातातल्या पाकिटाला शिक्का नव्हता. माझे डोळे भरून यायचे आणि दर वेळी पॉजमुळे सुकायचे.

मग आश्रमातल्या बाई त्या मुलीला सांगतात, की अमेरिकेतल्या लोकांच्या कागदांची मुदत संपली, ते आता येणार नाहीत. मुलगी वाकून बुटांची लेस सोडायला लागते. काकांनी पॉज केलं. नुसते पडद्याकडे बघत बसले.

मी तासभर वैतागलेली. म्हटलं, "काका, करा ना प्ले! एका तारखेनं असं काय आभाळ कोसळतं?"

नीलाकाकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"बोटांचे ठसे," काका म्हणाले. "त्यांना मुदत असते. आमची संपली. ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ ठसे द्यायला. नाशिकच्या संस्थेतली मुलगी होती. तीन वर्षांची. आमची फाइल मागे पडली आणि तिला दुसऱ्यांना दिली. इथेच अमेरिकेत आहे कुठेतरी, एवढंच कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं या माणसाच्या नकला करून मी पार्ट्या गाजवल्या होत्या.

काकू टिश्यूचा डबा तसाच धरून बसल्या होत्या. काका रिमोट उलटसुलट करत होते.

"आता सव्वीसची असेल," ते म्हणाले. "सोळाव्या वर्षी काढला असेल, तर यंदा संपतोय तिचा पासपोर्ट. कुणी सांगितलं असेल ना गं तिला?"